सतरा लेकरांच्या सीटा

गाडीच्या सीटा शिवणाऱ्याला लोक शिंपी समजतात. तसं नाही. शिंप्याचं गिऱ्हाईक उभं राहून माप देतं, आमचं गिऱ्हाईक बसून तक्रार करतं. जालन्यात भोकरदन नाक्याजवळ माझं सीट-कव्हरचं दुकान वीस-बावीस वर्षं चाललं. पाटीवर माझ्या नावापुढं बी.कॉम. लिहिलेलं होतं आणि ते मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा आष्टीकडच्या आमच्या गावात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरोघर पेढे वाटले. आणि वर्षभरानं मी रेक्झिनचं दुकान टाकलं तेव्हा तेच अण्णा म्हणाले, "सुईदोराच हातात घ्यायचा होता तर मधी येवढी वर्षं कशाला घालवली?"

मी म्हणालो, "अण्णा, बँकेत दुसऱ्याच्या खुर्चीवर बसण्यापेक्षा दुसऱ्याला खुर्ची करून देईन."

बोलण्यात मी कधी कमी पडलो नाही. कुठं कमी पडलो ते सांगायला हा लेख लिहितो आहे.

धंदा समजायला सोपा आहे. जुनी सीट उसवली की आत फोम किंवा काथ्या निघतो, त्याखाली स्प्रिंगा, त्याखाली लोखंडी सांगाडा. काथ्या दबला असेल तर बदलायचा, वर फोमचा थर द्यायचा, आणि रेक्झिन असं ताणून बसवायचं की सुरकुती दिसू नये. सगळी करामत कोपऱ्यावर असते. कोपरा नीट बसला तर बाकीची सीट आपोआप बसते. कापायचं आणि ताणायचं काम रहीमचाचांचं. ते माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठे, हैदराबादेत काम शिकून आलेले. माप घ्यायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं.

गिऱ्हाइकं एकेक अशी की बस. अंबडचे एक पुढारी आले, अंगानं बुटके. म्हणाले, सीट चार इंच वर घ्या, गाडीत कोण बसलंय ते रस्त्यावरच्या माणसाला कळलं पाहिजे. आम्ही घेतली. ते बसले तर टोपी छताला लागायला लागली. चाचा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, टोपी काढून बसा ना."

"मंग लोकांना कळंल कसं कोण हाय ते?"

शेवटी दोन इंचांवर तडजोड झाली.

वडाप, म्हणजे खच्चून पॅसेंजर भरणाऱ्या, जीपवाल्यांचं काम वेगळंच. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तीन माणसं बसायचीच, पण उजव्या हाताला, दरवाज्याकडं, आणखी एक बसवायचा रिवाज होता. म्हणजे ड्रायव्हर मध्ये आणि त्याच्या उजवीकडं पॅसेंजर. त्यासाठी सीट दरवाज्याच्या पत्र्यापर्यंत वाढवून लागायची. तसल्या कितीतरी मी करून दिल्या. त्यात आया मांडीवर लेकरं घेऊन बसत, एका मांडीवर दोन दोनही. मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहून त्या जीपा जाताना बघायचो आणि मनात म्हणायचो, शिलाई बरी धरली. मला तेव्हा धक्का बसला नाही, याचाच आज मला धक्का बसतो.

पट्ट्यांचीही तीच गोष्ट. पुढं नव्या गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्या मागच्या सीटलाही कंपनीचे पट्टे असायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "हे आत दाबून टाका, टोचतंय." आम्ही पट्टा आणि त्याचं कुलूप दोन्ही सीटच्या खाली ढकलायचो आणि वरून एकसंध कव्हर चढवायचो. गुळगुळीत, सोफ्यासारखं. गिऱ्हाईक खूश. कंपनीतल्या शिकलेल्या इंजिनिअर लोकांनी खर्च करून ती वस्तू का दिली असेल, हा प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

शहरातल्या एका डॉक्टरांची लेक परदेशात असायची. ती एका उन्हाळ्यात बाळंतपणानंतर माहेरी आली ती लेकरासाठी गाडीत बसवायची एक खास सीट घेऊन. तसली वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. खोलगट, दोन्ही बाजूंनी कड वर आलेली, आणि पाच जागी पट्टे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून. पाचही येऊन पोटावरच्या एका कुलपात बसायचे. लेक गावात फिरायला गेलेली असताना तिची आई, डॉक्टरीणबाई, ती सीट घेऊन माझ्या दुकानात आल्या.

"हे पट्टे काढून टाका बरं. लेकराला काय दावणीला बांधायचंय का? रडून रडून घसा बसला त्याचा."

मला पटलं. मी हसलोही. चाचांनी ब्लेडनं पाचही पट्टे मुळापासून कापले आणि कापल्या जागी अशी पायपिंगची गोट शिवली की तिथं कधी काही होतं हे कळू नये. पट्टे इतके मजबूत होते की टाकवेनात. रेक्झिनचे रोल बांधायला ते दुकानात ठेवून घेतले. सीटच्या बुडाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात एक इंग्रजी पुस्तिका होती, ती टेबलाच्या खणात पडली.

आणि मी त्या सीटची नक्कल केली.

प्लायवूडची पेटी, वर खोलगट फोम, दोन्ही बाजूला कड, पिवळं रेक्झिन, लाल पायपिंग. समोर लेकरानं धरायला एक आडवी लाकडी दांडी. पाठीवर लेकराचं नाव. उंची अशी की गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली की बारकं लेकरू समोरच्या काचेतून रस्ता बघेल. ती सीट हलू नये म्हणून मागून दोन रेक्झिनचे बंद पुढच्या सीटच्या पाठीला बांधायचो. लेकराला बांधायला काहीच नव्हतं. तेच तर आमचं वैशिष्ट्य होतं. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "फॉरेनची सीट लेकराला जखडते, आपली मोकळं बसवते."

पहिली सीट एका मामानं भाच्याच्या जावळाला नेली. आपल्याकडं जावळाला मामाची मांडी आणि मामाचा मान. त्या मामानं कपडे, वाळे यांच्याबरोबर ही सीट दिली आणि पंगतीत तिचीच चर्चा झाली. मग दुसरा मामा आला, तिसरा आला. ज्यांच्या बहिणीच्या घरी गाडी आहे असे मामा, आणि तसे त्या काळात जालन्यात वाढतच चालले होते. दीड वर्षात अशा सतरा सीटा गेल्या.

त्यातली एक माझी. मीही मामाच होतो. माझी धाकटी बहीण सुनंदा अंबडला दिलेली. दाजी कोर्टात कारकून. लग्नाच्या बोलण्यात तिच्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, "बी.कॉम. हायेत म्हणता, मंग नोकरी का न्हाई?" आणि कुणीतरी मागून म्हणालं होतं, "गाद्या शिवतात पाव्हणे." ते शब्द माझ्या मनातून गेले नव्हते. ऋषीच्या जावळाला मी स्वतः शिवलेली सीट त्यांच्या अंगणात ठेवली, तेव्हा त्याच सासूबाई दहा बायकांसमोर म्हणाल्या, "मामाचे हात गुणाचे हायेत." सुनंदानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ते मला आजही दिसतं.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात विलासराव दुकानात आले. बियाणाच्या कंपनीत नोकरीला, अत्यंत सज्जन माणूस. त्यांच्या हातात माझी पिवळी सीट होती, पाठीवर 'श्रावणी' असं नाव. आणि दुसऱ्या हाताला धरून साक्षात श्रावणी. तीन वर्षांची. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत टाके. एक हात गळ्यात बांधलेला. ओठ सुजलेला, आणि तोंड उघडलं तेव्हा दिसलं, पुढचे दोन दात नाहीत.

विलासरावांनी सीट माझ्या टेबलावर ठेवली. "भाऊ, ह्याचं कव्हर तेवढं बदलून द्या. डाग निघत न्हाईत."

पिवळ्या रेक्झिनवर, पुढच्या कडेला, आणि दांडीवर तपकिरी डाग होते. मी विचारलं, "धडक झाली का?"

"धडक बिलकुल न्हाई हो. एमआयडीसीच्या वळणावर सळयांचा टेम्पो आडवा आला, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. समोरच्या टेम्पोत आन् आमच्यात दोन हाताचं अंतर. गाडीला ओरखडा न्हाई."

"मग हिला?"

"ही काचेवर गेली." मग मला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाले, "पर तुमची सीट मजबूत हाय बरं का. जागची हलली न्हाई."

आयुष्यात माझ्या कामाचं पुष्कळ कौतुक झालं. हे एक मात्र परत करावंसं वाटलं. ते भांडायला आले असते तर मी भांडलो असतो, आमची शिलाई, आमचा फोम असं काहीबाही बोललो असतो. ते तक्रार घेऊन आलेच नव्हते. ते म्हणत होते, देवानं वाचवलं, नशीब. आणि नवं कव्हर निळं करा म्हणत होते, डाग दिसणार नाहीत असं.

श्रावणी टेबलापाशी आली, आपल्या सीटकडं हात करून म्हणाली, "माझी." दात नसल्यामुळं शब्द भलताच फुटला.

मी म्हणालो, "विलासराव, हे काम मी करणार नाही."

"का बरं? खर्चाचं म्हणत असाल तर..."

"खर्चाचं नाही. ही सीट मी ठेवून घेतो. हिला मागं बसवा. मागच्या सीटवर, आईजवळ. पुढं बिलकुल नको."

ते बिचारे गोंधळून गेले. माझ्यावरच काही संकट आलं असेल असं त्यांना वाटलं असावं.

त्यांची गाडी गेल्यावर चाचा मशीनवरून उठले. म्हणाले, "बेटा, बघू या का?" काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. एमआयडीसीतल्या बियाणाच्या पिशव्या मजबूत असतात. तशा एका रिकाम्या पिशवीत आम्ही बारा किलो गहू भरला, तोंड सुतळीनं शिवलं. दुकानात कामाला आलेली एक जीप होती, तिच्या पुढच्या सीटवर श्रावणीची पिवळी सीट बांधली, तिच्यात ती पिशवी बसवली, दांडीच्या आत, अगदी लेकरासारखी. मी गाडी मोकळ्या रस्त्यावर काढली. चाचा मागं बसले. वेग तो किती? बैलगाडीला ओलांडताना असतो तेवढा. मी ब्रेक दाबला.

पिशवी दांडीवरून उडाली, डॅशबोर्डवर आपटली आणि फुटली. गहू काचेवर, माझ्या मांडीवर, पायाखाली. आणि विलासराव म्हणाले तसंच: सीट जागची हलली नव्हती.

चाचांनी मागून वाकून फुटलेली पिशवी उचलली. मग म्हणाले, "मांडीवर घेतलं असतं तर?"

दुसरी पिशवी भरली. चाचा पुढं बसले, पिशवी छातीशी धरून. माणूस साठीला टेकलेला, पण रेक्झिन ताणून ताणून मनगटं लोखंडासारखी. मी म्हणालो, "चाचा, दाबतो," आणि दाबला. त्यांनी पिशवी धरून ठेवली. माझ्याकडं बघून हसले. "देखा? आईनं धरलं तर कशाला सुटतंय."

मी गाडी पुन्हा चालू केली. गप्पा काढल्या. त्यांच्या नातीच्या लग्नाचं विचारलं. ते हात हलवून नवऱ्या मुलाचं सांगायला लागले आणि मी न सांगता ब्रेक दाबला. पिशवी खाली होती. चाचांच्या हातात तिचे दोन कान राहिले होते, आणि ते आपल्या तळव्यांकडं असे बघत होते जसे ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"सांगून थोडीच येतंय," ते म्हणाले. त्यानंतर त्या दिवशी आम्ही दोघांनीही काम केलं नाही.

घरी जायच्या आधी मी खणातली ती इंग्रजी पुस्तिका काढली. डिक्शनरी घेऊन बसलो. कॉलेजनंतर इतकं मन लावून मी काही वाचलं नव्हतं. लेकराला पट्ट्यांनी घट्ट बांधा, पट्ट्यात आणि अंगात बोट जाईल एवढीच जागा ठेवा. सीट गाडीच्या पट्ट्यानं गाडीला जखडा. मागच्या सीटवर ठेवा, पुढं नको. वर्षाच्या आतलं लेकरू पाठमोरं बसवा, म्हणजे झटका त्याच्या मानेला न लागता पूर्ण पाठीवर येतो. मोठं झालं की उंच बैठक द्या, म्हणजे गाडीचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येईल. मांडीवर कधीही घेऊ नका. पट्टे कधीही कापू नका. कापलेला पट्टा पुन्हा शिवू नका.

तिथं लिहिलेल्या एकेका गोष्टीच्या नेमकं उलट मी केलं होतं. अज्ञानानं म्हणावं तर ती पुस्तिका दीड वर्ष माझ्याच खणात होती, आणि इंग्रजी वाचता येणारा आमच्या सगळ्या गल्लीत मी एकटा होतो. भिंतीशी रेक्झिनचे रोल उभे होते. प्रत्येक रोलाला डॉक्टरांच्या नातवाचा एकेक पट्टा आवळलेला होता.

नावं शिवण्यासाठी आम्ही पुठ्ठ्यात अक्षरं कापून साचे करायचो. एका पत्र्याच्या डब्यात ते सगळे साचे ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी मी डबा जमिनीवर उपडा केला. श्रावणी, अक्षय, पूजा, गणेश, स्नेहा, आदित्य... सतरा. पुठ्ठ्याची नावं ती, पण मला त्या सतरा पुढच्या सीटा दिसायला लागल्या, प्रत्येकीवर काचेकडं तोंड करून बसलेलं एकेक लेकरू. चाचांनी श्रावणीचा साचा बाजूला ठेवला. सोळा राहिले.

मी एकेका घरी जायला लागलो. पिशवी सोबत नेत होतो.

डॉक्टरीणबाईंकडं आधी गेलो; लेक परत जाताना ती सीट इथंच ठेवून गेली होती. त्यांना वाटलं, मी पट्टे परत लावायला आलो. मी सांगितलं की कापलेले पट्टे शिवून चालत नाहीत, ती सीट आता कामाची नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा कळत नव्हतं का?" मी म्हणालो, "कळत नव्हतं." त्यांनी सीट दिली आणि दार लावून घेतलं. ते मला लागलं नाही. बराबर होतं ते.

बाकीच्यांचं मात्र कठीण. मोंढ्यातले एक व्यापारी म्हणाले, "खरं सांगा, दुसऱ्या दुकानदारानं धाडलं ना तुम्हाला?" परतूरचे एकजण म्हणाले, "लेकरू माझं, गाडी माझी, ब्रेकवरचा पाय माझा. तुमचं त्याच्यात काय हाय?" मी म्हणालो, "सीट माझी आहे ना." त्यांना गाडीत घेऊन मी तो ब्रेक मारून दाखवला. ते उतरले, गव्हाचे दाणे कॉलरीतून काढले आणि मुकाट्यानं सीट सोडायला लागले. एका घरी बाई म्हणाली, "माझ्या भावानं दिलेली वस्तू मी कशी देऊ? सासरचे म्हणतील, माहेरचं असलंच असतं." तिची समजूत घालायला तीन फेऱ्या झाल्या. तिच्याशी बोलताना माझी नजर खाली जायची, कारण ती जे बोलत होती ते मला तिच्याहून जास्त कळत होतं. एक आई मात्र मी बोलायला सुरुवात केली तशी आत गेली, सीट आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "परवा हा दांडीवरून पालथा झाल्ता. मी कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं माझीच नजर चुकली."

दुकानात आणलेली प्रत्येक सीट चाचा स्वतः फोडत. फोम निराळा, पेटी निराळी, नावाचा तुकडा निराळा. आम्ही ज्या ज्या गाड्यांना कव्हरं करून दिली होती त्यांतल्या ज्या सापडल्या त्यांचे दाबलेले पट्टेही उसवून वर काढले. फुकट. गिऱ्हाइकं चिडली, कव्हरची शोभा गेली म्हणाली. आम्ही मान हलवायचो आणि उसवायचो.

दसऱ्यापर्यंत पंधरा साचे डब्याबाहेर गेले. एक राहिला होता.

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अंबड लांब आहे, सवड नाही. अंबडला दर तासाला एसटी आहे. एकदा मी फोन केला. सुनंदानंच उचलला. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "दादा, तुझ्या सीटचं इथं गल्ली नाव घेऊन राह्यली. सासूबाई जो येईल त्याला नेऊन दाखवतात." मी विचारलं, "ऋषी बरा आहे ना?" "बरा हाय की. का रं?" मी म्हणालो, "सहज," आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला मात्र जावंच लागतं. मी पिशवी घेऊन गेलो. सुनंदानं ओवाळलं, सासूबाईंनी चिवडा-लाडूचं ताट पुढं केलं. ऋषी दोन वर्षांचा, माझ्या पायाला धरून उभा. मी दाजींना म्हणालो, "चला, जरा गाडीतून चक्कर मारून येऊ." दाजींना वाटलं, मला त्यांच्या गाडीची चाल बघायची आहे. पिशवी मी ऋषीच्या सीटवर ठेवली आणि मागं बसलो. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तुम्ही रोजच्यासारखी चालवा."

"मी हळूच चालवतो, दादा."

"हळूच चालवा."

कोर्टाच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मी ओरडलो, "थांबा!" त्यांनी दाबला. पिशवी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. दाजी स्टिअरिंग धरून बसून राहिले. मी श्रावणीचं सगळं सांगितलं, टाके, दात, हात. त्यांच्या मानेवरून घामाची धार गेली. कार्तिकातली दुपार, ऊन कसलं. ते खाली उतरले, सीटचे बंद सोडायला लागले, आणि सोडता सोडता थांबले.

"दादा, आईला काय सांगायचं? तुमचं नाव खराब होईल. सुनंदाचं पण अवघड होईल. असं करू, उंदरानं कुरतडली म्हणून सांगू. मी सांगतो."

चांगला माणूस. मला तसं सांगायचा मोह झाला, तुमच्यापासून कशाला लपवू. घर येईपर्यंत होत राहिला. मग अंगणात सीट घेऊन उतरलो, तर सासूबाई ओसरीवर, सुनंदा दारात, ऋषी सीट बघून धावत आलेला.

मी म्हणालो, "मावशी, ही सीट मी परत नेतो. ही चुकीची आहे. मी चुकीची शिवली."

"शिलाई उसवली का?"

"शिलाई बराबर आहे. सीटच चुकीची आहे." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फॉरेनच्या पट्ट्यांपासून गव्हाच्या पिशवीपर्यंत. सुनंदानं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं होतं सासूबाई काहीतरी टोचून बोलतील. गाद्यांचं, बी.कॉम.चं. मी त्याची तयारी करून उभा होतो.

त्या म्हणाल्या, "ती पोरगी कव्हा पडली म्हणालात?"

"पोळ्याच्या आठवड्यात."

त्या बाईंना सही येत नव्हती. त्यांनी अंगठ्यानं बोटांच्या पेऱ्यांवर मोजलं. पोळा. गणपती. दसरा. दिवाळी. मग ऋषीला जवळ ओढून घेतलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"पाव्हणे, दसऱ्याला आम्ही तुमच्याच घरी आल्तो की."

हे मी तुम्हाला आत्तापर्यंत सांगितलं नाही. घरच्यांनाही सीटांचं काही सांगितलं नव्हतं. दसऱ्याला ते सगळे आपट्याची पानं द्यायला जालन्याला आले होते. तोवर पंधरा सीटा माझ्या दुकानात फुटून पडल्या होत्या. जेवणं झाली. निघताना ऋषी माझ्या कडेवर होता. सुनंदा मागं बसली, सासूबाई मागं बसल्या, दाजींनी गाडी चालू केली. पुढचं दार मी उघडलं. ऋषीला मीच उचलून सीटमध्ये बसवलं, त्याचे दोन्ही हात धरून दांडीवर ठेवले, आणि दाजींना म्हणालो, "हळू जा."